'माल निघाला' याचे इंग्रजी

१९८० च्या दशकातील एका श्रावणातील ही गोष्ट आहे. आमच्या कामठीच्या पेढीवरून तूरडाळीची पोती केरळातील एका व्यापाऱ्याकडे जात असत. त्यांची भाषा मल्याळम. आमच्या घरात मारवाडी, बाजारात हिंदी आणि मराठी. दोहोंना समजेल अशी एकच भाषा उरली होती, ती इंग्रजी, आणि ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती. मी नुकताच महाविद्यालयात जाऊ लागलो होतो, त्यामुळे परगावच्या पत्रव्यवहाराचे काम ओघानेच माझ्याकडे आले. घरातील शिकलेल्या मुलाला पहिली जबाबदारी मिळते ती बहुधा हीच.

ओणम जवळ आला होता. त्या व्यापाऱ्यांची चौकशीची तार आली. बाबूजी गादीवर बसल्या बसल्या म्हणाले, "लिही, माल निघाला." मी तारघरात जाऊन शब्द मोजले, पैसे वाचवले आणि 'गुड्स डिस्पॅच्ड लेटर फॉलोज' एवढी तार केली. व्याकरणात खोट नव्हती. मला तर तिचा थोडा अभिमानही वाटला होता.

माल मात्र गोदामातच होता. पोती शिवून झाली होती, गाडी ठरली होती, हमाल यायचे होते. त्याच रात्री जो पाऊस लागला तो तीन दिवस उघडला नाही. गाडी चौथ्या दिवशी भरली. तिकडे त्या गृहस्थांनी आमच्या तारेवर विसंबून आपल्या गिऱ्हाइकांना दिवस सांगून टाकले होते. माल सण उलटल्यावर पोहोचला. पुढच्या टपालाने डेबिट नोट आली. तिची रक्कम मुनीमजींच्या महिन्याच्या पगाराहून मोठी होती. सोबत चार ओळींचे पत्र होते. माल गेला असे तुम्ही कळवले, बिल्टीवरची तारीख निराळी आहे, इतकेच त्यात होते. एकही कठोर शब्द नव्हता.

बाबूजींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचवून घेतले. मग म्हणाले, "तू खोटं लिहिलंस."

"तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं, बाबूजी. माल निघाला, असंच म्हणालात तुम्ही."

"मी म्हणालो ते खोटं नव्हतं. तू लिहिलंस ते झालं."

सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे, हे आपल्याकडे पाठशाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. बाबूजींना पैशांचे दुःख नव्हते. आपल्या पेढीच्या नावाने एक असत्य लेख परगावी गेला आणि तो लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही, याचे त्यांना दुःख होते. त्या वेळी मला त्यांचे बोलणे अन्यायाचे वाटले. ते किती अचूक होते, हे कळायला बरीच वर्षे गेली.

आपण मराठी बोलणारी माणसे जी गोष्ट आता होणारच आहे ती झाली असेच बोलतो. घरातून कोणी हाक मारली तर आपण जागेवरून न हलता "आलोच!" म्हणतो. पायात चप्पल घालता घालता फोनवर "निघालो" म्हणतो. "झालंच बघा तुमचं काम" असे सांगणाऱ्याने अजून कामाला हात लावलेला नसतो. आणि यात कोणी कोणाला फसवत नाही. बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते की हा भूतकाळ म्हणजे निश्चयाचा शिक्का आहे, घडल्याची नोंद नव्हे. हिंदीत हेच, घरच्या मारवाडीतही हेच. "माल निघाला" म्हणजे 'माल जाणार यात आता शंका नाही'. बाबूजींचे वाक्य खरेच होते. इंग्रजीतील भूतकाळ मात्र वचन देत नाही, तो साक्ष देतो. माझ्या तारेने वचनाची साक्ष करून टाकली.

परभाषेत लिहिताना आपण सगळे भितो ते स्पेलिंगला आणि व्याकरणाला. ती भीती मला आज फारशी महत्त्वाची वाटत नाही. एखादे 'द' राहिले किंवा 'अ' जास्त पडला तरी समोरचा माणूस समजून घेतो. आपल्या भाषेत ही उपपदे नाहीतच, ती चुकणार. नुकसान होते ते शुद्ध वाक्याने. शुद्ध वाक्यावर वाचणारा विश्वास ठेवतो, आणि त्या वाक्याच्या आत आपण मराठीतला अर्थ ठेवलेला असतो, जो त्याला दिसत नाही.

अशी आणखी ठिकाणे आहेत. 'परवा' हा आपला शब्द मागेही जातो आणि पुढेही. 'परवा पैसे पाठवले' आणि 'परवा पैसे पाठवतो' यांत क्रियापद आपल्याला सांभाळून घेते. पण घाईत लिहिताना तोच परवा इंग्रजीत भलत्या दिवशी जाऊन बसलेला मी पाहिला आहे. 'पाठवतो' हे रूपही तसेच निसरडे. आपण म्हणतो ते 'आता लगेच पाठवतो' या अर्थाने. 'वी सेंड' असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, हे नेहमीच पाठवत असतात.

याहून खोल भेद कर्त्याचा आहे. मराठी मोठी सभ्य भाषा आहे. तिच्यात चूक 'होते', काच 'फुटते', हिशेब 'राहून जातो', उशीर 'झालेला असतो'. माणूस वाक्यातून हळूच बाजूला होतो आणि कोणाचे मन दुखावत नाही. "बघू", "होऊन जाईल", "करून टाकू" या शब्दांवर आपले अर्धे बाजार चालतात, आणि चालतात ते चांगलेच, कारण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत असतो. पत्रात चेहरा नसतो. 'मिस्टेक हॅज हॅपन्ड' असे वाचणारा परका माणूस विचारतो, कोणी केली? 'इट विल बी डन' वाचून विचारतो, कोण करणार आणि कधी? आपण नम्रतेने लिहिलेले त्याला टाळाटाळ वाटते. तक्रारीच्या उत्तरात 'आमच्या हमालांनी पोती ओल्या फरशीवर ठेवली, दहा पोती भिजली, ती आम्ही बदलून देऊ' असे लिहिणे मराठी मनाला उघडेवाघडे वाटते खरे. पण परगावचा व्यापारी अशाच वाक्यावर पुढचा सौदा करतो.

कामठीकरांना तर इंग्रजीचा सहवास नवा नाही. १८२१ साली कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी येथे छावणी वसवली. गावाचे नावही 'कॅम्प-टी' यावरून पडले असे जुनी माणसे सांगत. त्याची शहानिशा करायला मी बसलो नाही, पण गोष्ट गोड आहे. इंग्रजी अक्षरांत मात्र या गावाला आजही एक रूप नाही. एका पाटीवर ते 'पी' आणि दोन 'ई' घेऊन उभे असते, दुसऱ्या कागदावर 'टी-एच-आय' ने संपते. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या परिसरातील वालुकाश्मांच्या थरांना कामठीचेच नाव आहे, तेथे पुन्हा दुसरे रूप. हे गमतीने सांगतो आहे असे नाही. बिलावर एक स्पेलिंग, बिल्टीवर दुसरे आणि बँकेच्या पतपत्रात तिसरे असले तर बँक कागद परत करू शकते. परदेशी व्यवहार करणाऱ्या घराने आपल्या गावाचे एक स्पेलिंग ठरवून टाकावे आणि ते बदलू नये.

छावणीने आपल्याला इंग्रजी दिली, पण कोणती? छावणी म्हटली की रसद आली, रसद आली की ठेके आले, आणि ठेक्याबरोबर साहेबाकडे करायचे अर्ज आले. देशभर आपल्या लोकांनी इंग्रजी लेखन शिकले ते या अर्जांतून. 'आय बेग टु स्टेट', 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन', 'युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. ही वाक्ये वाकलेल्या माणसाची आहेत. साहेब गेले, पण पाठीचा तो बाक शाळेच्या अर्जांतून, कचेरीच्या नमुन्यांतून तसाच चालत आला. आजही आपली मुले दोन दिवसांच्या रजेसाठी 'बेग' करतात. 'काइंडली डू द नीडफुल' हे त्याच कुळातले. जे हवे आहे त्याचे नाव घेण्याचा संकोच, म्हणून 'नीडफुल'. वाचणाऱ्याने ते ओळखायचे. तो ओळखत नाही. निदान आपल्याला हवे ते ओळखत नाही.

याउलट आपल्या पूर्वजांचा स्वतःच्या भाषेतला व्यापारी लेख पाहावा. हुंडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, रक्कम आकड्यांत, मग अक्षरांत, आणि वर पुन्हा तिच्या निम्म्याचा उल्लेख करून 'त्याची दुप्पट' असे लिहिलेले असे. हजाराची हुंडी असेल तर पाचशेचे दुणे. कोणी एखादे शून्य वाढवू गेला तर निमा जुळत नाही. कोणाला द्यायचे, कोणाच्या ओळखीने द्यायचे, पाहताक्षणी द्यायचे की मुदतीने, सगळे ठरलेल्या जागी. नमस्कार-चमत्कारही असत, पण ते वरच्या दोन ओळींत; मुद्द्याच्या जागी नम्रता शिरत नसे. हुंडी लिहिणारा माणूस वाकलेला नव्हता. तो बरोबरीच्या माणसाला लिहीत होता.

त्याच परंपरेतील धोक्याचीही एक गोष्ट प्रत्येक मारवाडी घरात सांगितली जाते. जुन्या महाजनी लिपीत काना-मात्रा देत नसत. 'काकाजी अजमेर गया' असे कळवलेले पत्र घरच्यांनी 'काकाजी आज मर गया' असे वाचले आणि रडारड सुरू झाली! लहानपणी आम्ही यावर पोट धरून हसत होतो. माझी तार त्याच जातीची होती. शब्दागणिक पैसे वाचवताना मीही मात्राच वगळल्या होत्या. आगमांत भाषासमितीचे वर्णन करताना वचन हितकर असावे, मोजके असावे आणि असंदिग्ध असावे असे म्हटले जाते. ती मुनींची चर्या आहे, पेढीची नव्हे, हे मान्य. तरी मोजके आणि असंदिग्ध हे दोन गुण एकत्र का सांगितले असावेत, ते तारघराच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला चांगले समजते.

परभाषेत नीट लिहिणे आपल्याला जमण्याजोगे नाही, असा एक न्यूनगंड व्यापारी घरांत असतो. तो जाण्यासाठी मी मुलांना भाषणे देत नाही, काही नावे सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी. ही मांडणी मला फार मोलाची वाटते. एकच मजकूर दोन भाषांत शेजारी शेजारी ठेवला की कोणत्या भाषेत आपण काय गृहीत धरले होते ते लगेच उघडे पडते. पुढे १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी पत्रात 'ए हिंदू' या सहीने आठ पत्रे लिहिली आणि इंग्रजी राज्याच्या आर्थिक नीतीवर इंग्रजांच्याच भाषेत, इंग्रजांच्याच पत्रात कठोर टीका केली. तिथे 'बेग' नव्हते. मुंबईत इंग्रजी शिक्षणाला आरंभ होऊन फार वर्षे झाली नव्हती, पंचविशीतल्या तरुणाने ती पत्रे लिहिली. त्याच आडनावाची भाषांतर पाठमाला पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत इंग्रजी शिकवत राहिली. आमच्या माळ्यावर तिचे तीनही भाग होते आणि तिसऱ्याची पाने कोरीच राहिली होती.

वीरचंद राघवजी गांधींचे नाव आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतील त्यांच्या इंग्रजी भाषणाचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. मला मात्र त्यांची दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते. सम्मेदशिखरजीच्या पहाडावर चरबीचा कारखाना निघाला तेव्हा त्याविरुद्धच्या दाव्यासाठी ते कलकत्त्याला जाऊन राहिले आणि तेथे बंगाली शिकले. कशासाठी? जुने कागदपत्र त्या भाषेत होते म्हणून. मूळ कागद स्वतः वाचल्याखेरीज इंग्रजीत बाजू मांडायची नाही, हा त्यांचा आग्रह. तारघरात शब्द मोजण्याआधी गोदामात जाऊन पाहिले असते, तर माझी डेबिट नोट वाचली असती.

पण ज्यांच्या इंग्रजीपाशी मी सर्वांत अधिक थांबतो ते डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. १९०६ साली बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या सीमेवरच्या गावी, जैन घरात त्यांचा जन्म झाला. अवतीभवती कन्नड आणि मराठी. शिकले बेळगाव, कोल्हापूर, सांगली येथे, आणि १९३० पासून तीन दशके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अर्धमागधी शिकवली. १९३५ साली त्यांनी संपादिलेला कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' प्रसिद्ध झाला. त्याला त्यांनी शंभराहून अधिक पानांची इंग्रजी प्रस्तावना जोडली. तेव्हा ते तिशीच्या आतले होते. जगभरच्या अभ्यासकांनी आपला ग्रंथ वाचावा म्हणून इंग्रजी.

या प्रस्तावनेत कुंदकुंदाचार्यांच्या काळाचा प्रश्न येतो. आपल्या परमपूज्य आचार्यांचा काळ शक्य तितका प्राचीन ठरावा असे कोणत्या श्रावकाला वाटणार नाही? उपाध्ये सगळी मते एकेक मांडतात, प्रत्येकाचा पुरावा तोलतात, कोणता आधार कच्चा आहे ते सांगतात, आणि एवढ्या चर्चेनंतर म्हणतात की त्यांचा काळ इसवी सनाच्या आरंभी मानण्याकडे आपला कल आहे. 'कल आहे', एवढेच. सिद्ध झाले असे नाही, आणि काहीच सांगता येत नाही असेही नाही. जेवढा पुरावा तेवढेच वाक्य. स्याद्वाद जन्मापासून कानांवर पडलेल्या माणसाला परभाषेतील ही मापे हाताळणे कदाचित सोपे गेले असेल. असो, हा माझा तर्क. इंग्रजीत 'आहे', 'असावे', 'असू शकेल', 'असण्याकडे कल आहे' यांची वेगवेगळी वजने आहेत, आणि उपाध्ये ती सोनाराच्या काट्यावर तोलावीत तशी तोलतात. शब्द साधे, शोभेचा एकही नाही. मातृभाषा नसलेल्या माणसाने इंग्रजी कसे लिहावे, असे कोणी विचारले तर मी त्या पानांकडे बोट दाखवतो.

त्यांचे सहकारी डॉ. हिरालाल जैन तर आपल्याच प्रांतातले. अमरावती आणि नागपूर येथील महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले आणि षट्खंडागमाच्या धवला टीकेचे प्रकाशन १९३९ मध्ये अमरावतीहून सुरू केले. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे हे दोघे प्रधान संपादक होते. त्या मालेला नाव ज्यांचे आहे ते जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरच्या व्यापारी घराण्यातले, त्यांच्या दानातून ती उभी राहिली. म्हणजे आपल्या समाजातील उत्तम इंग्रजी लेखनाच्या मागे पेढीचा पैसा होता. पेढीच्या पत्रांत तिची थोडीतरी छाया पडायला हवी होती, एवढीच माझी खंत आहे.

ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना तरी ती आपोआप येते का? इंग्लंडच्या सरकारी खात्यांतील पत्रे लोकांना समजेनात, म्हणून तेथील अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून अधिकाऱ्यांसाठी साध्या शब्दांविषयीचे एक छोटे पुस्तक लिहवून घेतले; ते १९४८ साली निघाले. इंग्रजांना इंग्रजी लिहायला शिकवावे लागते, यात आपल्याला धीर मिळावा. आणि जोसेफ कॉनरॅड तर जन्माने पोलिश. विशी उलटेपर्यंत इंग्रजी येत नव्हती, पहिली कादंबरी १८९५ साली आली, आणि तो इंग्रजीतील थोर कादंबरीकारांत गणला गेला. त्याचे उच्चार मात्र अखेरपर्यंत परदेशी राहिले. आपल्याकडे नेमके उलटे चालते. मूल फाडफाड बोलू लागले की इंग्रजी आली असे आपण समजतो, फी वसूल झाल्याचे समाधान मानतो. त्याच मुलाला एका तक्रारीचे उत्तर दहा ओळींत लिहायला सांगून पाहावे.

आमच्या पेढीवर पुढे काही गोष्टी बदलल्या, त्या नियम म्हणून नव्हे, एकेका चुकीच्या खर्चाने. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि आपल्या पत्रातही मुद्दा शेवटी येतो: आधी खुशाली, मग बाजारभाव, मग पावसाची हकीकत, आणि सर्वांत खाली 'बाकी रक्कम पाठवावी'. वाचणारा तिथपर्यंत पोहोचतच नाही. आता पहिल्याच ओळीत काय हवे, कोणाकडून आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे येते. तारीख आकड्यांत लिहीत नाही. ५/४ म्हणजे आपली ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे. परदेशी पत्रात लाख आणि क्विंटल लिहीत नाही, स्वल्पविरामही त्यांच्या पद्धतीने देतो. देशातल्या देशात मात्र लाख, कोटी खुशाल लिहावे. 'प्रीपोन' या आपल्या देशी शब्दाला हसणारे हसोत, त्याचा अर्थ स्पष्ट आहे आणि तो कोणालाही फसवत नाही. माझे वैर आहे ते 'रिव्हर्ट' शी, कारण उत्तर द्या या अर्थाने आपण तो लिहितो आणि बाहेरचा माणूस मागे जा असे वाचतो.

'एफ.ओ.आर. कामठी' या तीन अक्षरांनी तर आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. भाडे कोणाकडे, हे देशी बाजारात सगळे समजून असतात. आंतरराष्ट्रीय व्यापारी संज्ञांच्या यादीतून ती संज्ञा १९९० सालीच वगळलेली आहे, हे आम्हाला परदेशी गिऱ्हाइकाने विचारल्यावर कळले. आता 'ट्रकचे भाडे आम्ही देऊ' किंवा 'तुम्ही द्याल' असे पूर्ण वाक्य लिहितो. चार शब्द अधिक लागतात. तारघर आता नाही. २०१३ साली देशातली तारसेवाच बंद झाली. शब्दांना पैसे पडत नाहीत.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिरात जपानी पाहुणे येतात. १९९९ साली हे मंदिर जपानी उपासिकेच्या साहाय्याने उभे राहिले. तेथे आलेला जपानी माणूस आणि आपला एखादा दुकानदार बोलताना कधी ऐकावेत. इंग्रजी दोघांचीही नाही. दोघेही लहान वाक्ये करतात, दोघेही समोरच्याला समजले का हे पाहून मगच पुढे जातात. आज जगातले कितीतरी इंग्रजी असेच दोन परक्यांमधले आहे, जसे आमचे आणि केरळच्या त्या गृहस्थांचे होते. लंडनच्या माणसाला खूश करणारे वाक्प्रचार तेथे उपयोगाचे नाहीत.

आता पत्रव्यवहार माझी पुतणी पाहते. तिच्या हाताशी यंत्र आहे. मराठीत सांगितले की ते क्षणात गुळगुळीत इंग्रजी लिहून देते, एक उपपद चुकत नाही. मला त्याचा रागही नाही आणि भयही नाही. माळ्यावरच्या पाठमालेची कोरी राहिलेली पाने त्याने एका फटक्यात पार केली, याचे कौतुकच वाटते. गेल्या मोसमात हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला तेव्हा मी गादीवर होतो. सवयीने म्हणून गेलो, "कळव त्यांना, माल निघाला." तिने ते शब्द यंत्राला दिले. पडद्यावर उत्तर आले: युवर गुड्स हॅव बीन सक्सेसफुली डिस्पॅच्ड. माझ्या तारेहून ते किती तरी सुंदर होते.

तिचे बोट पाठवण्याच्या खुणेवर होते. मी म्हटले, "थांब बेटा, आधी गोदामात फोन कर."

तिने केला. गाडी धर्मकाट्यावर रांगेत उभी होती, पुढे अजून दोन गाड्या होत्या. तिने यंत्राचे वाक्य पुसले आणि स्वतः लिहिले की ट्रक आत्ता वजनासाठी उभा आहे, आज सायंकाळी ६ पर्यंत निघेल, निघाल्यावर बिल्टीचा क्रमांक पाठवते. तिसऱ्या वाक्यात एक 'द' राहून गेला होता. मी तो दाखवला नाही. पावणेसात वाजता तिने बिल्टीचा क्रमांक पाठवला आणि वर पाऊण तास उशीर झाल्याचेही लिहिले.